खारफुटी, वादळं आणि चढता समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खारफुटीबद्दल दोन गोष्टी नेहमी कानावर येतात. एक, ती किनाऱ्याला वादळापासून वाचवते. दुसरी, वादळं आणि चढता समुद्र तिच्या मुळावर उठले आहेत. दोन्ही खऱ्या, पण दोन्ही अर्ध्या. खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल, ती म्हणजे चिखलाची उंची. तिला कंटाळू नका, बहुतेक उत्तरं तिथेच अडकलेली आहेत.

खारफुटी तर समुद्राच्या पाण्यातच उगवते. मग समुद्र चढला तर तिचं काय बिघडतं?

पाण्यात उगवते, पण दिवसभर पाण्यात राहत नाही. समुद्राच्या सरासरी पातळीच्या आसपास सुरू होऊन उधाणाच्या भरतीची रेघ संपते तिथवरचा जो पट्टा, तेवढाच तिचा. जिथे भरती-ओहोटीत फार फरक नसतो तिथे हा पट्टा उंचीने मीटरभरही भरत नाही.

कारण मुळांत आहे. खारफुटीच्या चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू संपतो. तो चिखल उकरला तर काळा निघतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अशा जागी जगायचं तर मुळांना हवा वरूनच मिळायला हवी. ओहोटीच्या वेळी तिवर या खारफुटीतल्या झाडाखाली वाकून पाहा. पेन्सिलीएवढी शेकडो मुळं चिखलातून सरळ वर टोकं काढून उभी असतात. त्यांच्या सालीवर पुरळ उठल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. ती वल्करंध्रं, सालीतली हवेची दारं. भरतीत ती बुडतात, पण पाणी आत शिरत नाही. आतल्या हवेतला प्राणवायू झाड वापरत राहतं, आतला दाब उतरत जातो आणि ओहोटीला टोक उघडं पडताच बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. हे झाड भरती-ओहोटीच्या तालावर श्वास घेतं.

समुद्र चढला की टोकं उघडी राहण्याचे तास कमी होतात. आधी वाढ मंदावते, पानं विरळ होतात, नवी रोपं तग धरेनाशी होतात. समुद्राकडची कड सर्वांत आधी ढासळते.

समुद्र नेमका किती वेगाने चढतोय?

१९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. आकडा किरकोळ वाटतो, पण वेग पाहा. १९०१ ते १९७१ दरम्यान तो वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ मिलिमीटर. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालानुसार १९९५-२०१४च्या तुलनेत २१००पर्यंतची वाढ, हरितगृह वायूंचं उत्सर्जन खूप कमी केलं तर २८ ते ५५ सेंटीमीटर आणि खूप जास्त राहिलं तर ६३ सेंटीमीटर ते १ मीटर.

झाडाला मात्र जागतिक सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या बुडाशी पाणी किती चढलं, एवढंच त्याला कळतं. जमीनच खचत असेल तर तेवढी भर त्यात पडते. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक भागात भूजलाचा उपसा आणि मऊ गाळाचं दबणं यांमुळे जमीन वर्षाला काही सेंटीमीटर खाली जाते. तिथे मिलिमीटरांचा हिशेबच उरत नाही.

चिखलही समुद्राबरोबर वर चढतो असं ऐकलंय. ते कसं?

खरं आहे, आणि खारफुटीची सगळी मदार त्यावरच आहे. चिखल दोन वाटांनी चढतो. पहिली वाट गाळाची. भरतीचं पाणी मुळांच्या जाळीत शिरलं की त्याचा वेग मोडतो आणि त्यातला गाळ खाली बसतो. दुसरी वाट जमिनीखालची. बारीक मुळं वाढतात, मरतात, पण प्राणवायूअभावी पुरती कुजत नाहीत, आणि त्यांचा थर खालून जमीन उचलत राहतो. कॅरिबियन समुद्रात बेलीझच्या ट्विन केज बेटांवर नदीचा गाळ जवळपास पोचतच नाही. तरी तिथे खारफुटीखाली मुख्यतः मुळांपासून बनलेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, सुमारे १० मीटर जाडीचा थर सापडला आहे. सात-आठ हजार वर्षं समुद्र चढत होता आणि झाडं आपल्याच मुळांवर उभी राहून त्याच्याबरोबर वर येत होती.

हे मोजतात कसं, हेही पाहण्यासारखं आहे. एक पोलादी दांडा पुढे जाईनासा होईपर्यंत चिखलात ठोकतात. त्यावर आडवा हात बसवतात आणि त्यातून नऊ बारीक काड्या चिखलाला टेकेपर्यंत सोडतात. चार दिशांना फिरवून छत्तीस आकडे मिळतात. मोजणारा माणूस फळीवर उभा राहतो, कारण त्याच्या पायाने चिखल दबला तर मोजणीच फसते. शेजारी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवतात. वर्षाने तिथला चिखल कापून पाहिला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते दिसतं. गाळ ५ मिलिमीटर बसला आणि जमीन ३ मिलिमीटरच चढली, तर २ मिलिमीटर खाली कुठेतरी दबले. गाळ बसतोय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ही वजाबाकी जरूर पाहावी.

मग खारफुटी कुठवर पुरी पडेल?

हिमयुगानंतर समुद्र झपाट्याने चढत होता तेव्हा खारफुटीने काय केलं, याचा मागोवा ७८ ठिकाणच्या जुन्या थरांवरून घेतला गेला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पाण्याची सापेक्ष, म्हणजे जमिनीच्या तुलनेतली, चढण वर्षाला ६-७ मिलिमीटरच्या पुढे गेली की खारफुटीला जमीन उचलत राहणं बहुधा जमत नाही. हिंदी-प्रशांत महासागर क्षेत्रातल्या मोजण्यांवर आधारित २०१५च्या अभ्यासात तर ६९ टक्के ठिकाणी जमिनीची चढण पाण्याच्या चढणीपेक्षा आत्ताच कमी भरली.

याचा अर्थ तिथली झाडं उद्या मरतील असा नाही. जमीन त्या पट्ट्यात बऱ्यापैकी उंचावर असेल तर मागे पडूनही काही दशकं निघतात. भांडवल खाऊन जगण्यासारखं आहे ते.

चक्रीवादळात झाडांचं नेमकं काय होतं?

वारा पानं ओरबाडतो, फांद्या मोडतो, मऊ चिखलातलं झाड मुळासकट उलथवतो. उंच झाडांना जास्त मार बसतो. पुढे काय होईल हे मात्र झाडाच्या जातीवर ठरतं. तिवराला जुन्या खोडावर नवे कोंब फुटतात. बोडका झालेला तिवर काही आठवड्यांत खोडभर हिरवा झालेला दिसतो. कांदळाचं तसं नाही. कमानीसारख्या आधारमुळांवर ऐटीत उभं असलेलं हे झाड जुन्या लाकडातून फुटत नाही. जाड फांद्यांपर्यंत मोडलं की संपलं. त्यामुळे एकाच वादळानंतर शेजारशेजारच्या दोन रानांची गत अगदी वेगळी दिसते.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गॅबनमध्ये खारफुटीची झाडं ६० मीटरांहून उंच आढळली आहेत, जगातली सर्वांत उंच. विषुववृत्ताला लागून असल्याने तिथे चक्रीवादळं पोचत नाहीत. जिथे वादळांची ये-जा असते तिथलं रान बुटकं राहतं, कारण वर गेलेलं झाड फार दिवस उभं राहू दिलं जात नाही.

वादळातून वाचलेली झाडं नंतर काही महिन्यांनी का मरतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण वादळ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष वाऱ्याकडे जातं.

सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैऋत्य भागावर आदळलं. पानं झडून रानंच्या रानं करडी झाली. पण जिथे पाण्याचा निचरा चांगला होता तिथल्या ८३ टक्के खारफुटीला वर्षाच्या आत नवी पालवी फुटली. उलट किनाऱ्यापासून आत, वाऱ्याचा मार तुलनेने कमी बसलेल्या सखल भागात १० हजार हेक्टरांहून जास्त खारफुटी मेली. वादळाबरोबर चढलेलं खारं पाणी तिथे शिरलं आणि बाहेर पडायला वाटच नव्हती. श्वासाची टोकं आठवडेच्या आठवडे बुडालेली राहिली. पाणी आटलं तसा खारेपणा वाढत गेला. काही ठिकाणी बारीक गाळाचा थर वल्करंध्रांवर लिंपल्यासारखा बसतो, त्यानेही हेच होतं. झाड वाऱ्याने मेलं नाही, गुदमरून मेलं.

म्हणून वादळाच्या दुसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोंवरून नुकसानीचा अंदाज बांधणारा हमखास चुकतो. उघडीबोडकी कड पुन्हा हिरवी होते आणि आतलं हिरवं दिसणारं रान हळूहळू वाळतं.

झाडं मेली तरी जमीन तर राहते ना?

राहतेच असं नाही. ऑक्टोबर १९९८मध्ये मिच हे चक्रीवादळ होंडुरासच्या ग्वानाहा बेटाजवळ रेंगाळलं आणि तिथली जवळपास सगळी खारफुटी नष्ट झाली. त्यानंतर केलेल्या मोजणीत जमीन वर्षाला सुमारे ११ मिलिमीटरने खाली जात असल्याचं दिसलं. मुळं जिवंत होती तोवर पीट फुगलेला होता. मुळं मेली, कुजली आणि थर बसत गेला. नव्या रोपाला रुजायला हवी तेवढी उंचीच राहिली नाही, तर बिया वाहून येऊनही उपयोग नसतो. आता यात चढत्या समुद्राचे तीन-चार मिलिमीटर मिळवा. वादळ आणि चढता समुद्र हे दोन वेगळे धोके नाहीत असं म्हणतात ते यासाठी. वादळ जमीन खाली बसवतं, समुद्र पाणी वर चढवतो, आणि झाड मधल्या मधे सापडतं.

वादळाचा काही फायदाही होतो का?

होतो. ऑक्टोबर २००५मध्ये विल्मा चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या शार्क नदीकाठी समुद्रतळाचा गाळ आणून टाकला. थर अर्धा ते साडेचार सेंटीमीटरचा होता. एरवी इतकी चढण मिळवायला तिथल्या खारफुटीला बरीच वर्षं लागली असती. या गाळात फॉस्फरसही भरपूर होता. एव्हरग्लेड्सच्या चुनखडी भूमीत फॉस्फरसचाच तुटवडा असतो, त्यामुळे ते आयतं खतच झालं.

गाळ किती बसतो यावर सगळं ठरतं. पातळ थर जमीन उचलतो, जाड थर श्वासाची टोकं गाडून टाकतो.

खारफुटी वादळाच्या लाटा खरंच अडवते का?

लाटा आणि वादळाने चढलेलं पाणी यांत फरक करायला हवा. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा खारफुटी चांगल्या मोडते. वेगवेगळ्या मोजण्यांत १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यातून जाताना लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं आहे. वादळ समुद्राची पातळीच फुगवतं तेव्हा मात्र तेवढा पट्टा पुरत नाही. ते पाणी दर किलोमीटर खारफुटीमागे ५ ते ५० सेंटीमीटर एवढंच उतरतं. म्हणजे कित्येक किलोमीटर रुंद रान असेल तर ठळक फरक पडतो, झाडांच्या चार ओळींनी नाही.

२९ ऑक्टोबर १९९९ला ओडिशावर महाचक्रीवादळ आलं. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा नंतर अभ्यास झाला तेव्हा, ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मधे खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता तिथे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. त्याच अभ्यासाने हेही नोंदवलं, की खारफुटीपेक्षा सरकारने दिलेल्या पूर्वसूचनेने जास्त जीव वाचवले. हे दुसरं वाक्य सहसा कुणी सांगत नाही. झाडं आहेत म्हणून घरं रिकामी करायची नाहीत, असा अर्थ कृपया काढू नये.

आणि त्सुनामी?

छोट्या त्सुनामीचा जोर रुंद पट्टा काहीसा कमी करतो. मोठ्या त्सुनामीत झाडंच उन्मळतात आणि वाहत्या पाण्यात मारा करत फिरतात.

पाणी चढलं तर खारफुटी मागे जमिनीकडे सरकेल. यात घाबरण्यासारखं काय?

सरकते, जागा असेल तर. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि शेंगेसारखं लांब रोप होऊन खाली पडतं. ते आठवडे-महिने तरंगत राहू शकतं. त्यामुळे उंच जागी जाऊन रुजण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. पण मागे बांध, रस्ता, कोळंबीचे तलाव, भिंती किंवा नुसताच उभा चढ असेल तर रोप रुजणार कुठे? पुढून समुद्र खातो, मागून बांध अडवतो, पट्टा दरवर्षी अरुंद होत जातो. व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात समुद्र आणि मागचे बांध-तलाव यांच्या मधे कित्येक ठिकाणी अशी चिंधीएवढी खारफुटी उरली आहे. तिथे प्रत्येक वादळ उरलीसुरली कडही थोडी थोडी नेतं.

माझ्या मते खारफुटी वाचवायची तर आज जिथे झाडं आहेत त्यापेक्षा त्यांच्या मागची मोकळी जमीन राखणं जास्त निकडीचं आहे. त्या जमिनीवर आज एकही झाड नसतं, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि बांधकामाला पहिली तीच जाते.

नदीवर वरच्या बाजूला बांधलेल्या धरणांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. नदीचा गाळ धरणात अडला की खाली चिखल चढायला माल उरत नाही. शिवाय गोडं पाणी कमी झालं की खाडीचा खारेपणा वाढतो. भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे १०,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या सुंदरबनात सुंदरी या झाडाला तुलनेने कमी खारं पाणी मानवतं. पश्चिमेकडच्या भागात गोड्या पाण्याचे प्रवाह आटत गेले तसं ते झाड मागे पडत गेलं आणि खारेपणा सोसणाऱ्या बुटक्या जाती पुढे आल्या. नोव्हेंबर २००७चं सिद्र, मे २००९चं आयला, मे २०२०चं अम्फान ही वादळं अशा आधीच ताणलेल्या रानावर येऊन गेली.

समुद्र खाली गेला तर खारफुटी खूश होईल का?

मुळीच नाही. २०१५च्या अखेरीस आणि २०१६च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारिया आखाताच्या सुमारे १,००० किलोमीटर किनाऱ्यावर ७,४०० हेक्टरांच्या आसपास खारफुटी वाळून गेली. कुठलंही मोठं वादळ झालं नव्हतं. तीव्र एल निनोमुळे (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेमुळे) त्या भागातली समुद्राची पातळी काही काळ निदान २० सेंटीमीटरने उतरली, त्यात पाऊस कमी आणि ऊन जास्त. झाडांना भरतीचं पाणीच पोचेना.

हवामान तापल्याने खारफुटी थंड प्रदेशांकडे पसरतेय म्हणे. मग तोटा भरून निघेल?

पसरतेय. फ्लोरिडाच्या ईशान्य किनाऱ्यावर उणे ४ अंश सेल्सिअसखाली जाणाऱ्या रात्री कमी झाल्या आणि १९८४ ते २०११ दरम्यान तिथली खारफुटी दुपटीवर गेली. पण ती खारट गवताळ दलदलीच्या जागेवर पसरते, म्हणजे एक पाणथळ जागा जाऊन दुसरी येते. आणि उष्ण कटिबंधातल्या नदीमुखांवर बुडालेल्या रानाची भरपाई हजारो किलोमीटर दूर होत नाही.

रोपं लावली की प्रश्न सुटेल ना?

गुडघाभर चिखलात हसऱ्या चेहऱ्याने रोपं लावणाऱ्यांच्या उत्साहावर पाणी ओतणं जिवावर येतं, पण आकडे वाईट आहेत. फिलिपीन्समधल्या लागवडींत दीर्घकाळ तगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के आढळलं. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर लावलेल्या हजार-बाराशे हेक्टरांपैकी जेमतेम २०० ते २२० हेक्टर यशस्वी झाली आणि पाहणी केलेल्या २३ पैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं.

चूक बहुधा एकच असते. कांदळाचं लांबट रोप हाताळायला सोपं, म्हणून सगळीकडे तेच लावतात. आणि जागा मोकळी म्हणून समुद्राकडच्या खोल चिखलात लावतात. ती जागा मोकळी असते कारण तिथे खारफुटी उगवूच शकत नाही! पुन्हा तीच चिखलाची उंची.

देमाकमध्ये वेगळी वाट धरली गेली. बांबू रोवून त्यांच्या मधे फांद्या भरलेले सच्छिद्र बांध घातले. पाणी आरपार जातं, लाट मोडते, मागे गाळ साचतो, आणि उंची पुरेशी झाली की बिया आपणहून रुजतात. जमीन खचण्याचा वेग तिथे इतका, की याचंही यश मर्यादित राहिलं. तरी क्रम बरोबर होता, आधी जमीन आणि मग झाड.

मेलेल्या खारफुटीतल्या कार्बनचं काय होतं?

हिंदी-प्रशांत क्षेत्रातल्या मोजण्यांत हेक्टरी सरासरी सुमारे १,००० टन कार्बन आढळला, बहुतेक जमिनीखाली. झाडं मेली आणि जमीन बसू लागली किंवा वाहून गेली की त्यातला काही भाग वातावरणात परत जातो. खोदून तलाव केले तर हे फार वेगाने होतं.

वादळानंतर गावाने किंवा संस्थेने काय करावं?

सर्वांत आधी मेलेली वाटणारी झाडं तोडायची घाई करू नये. तिवराला कोंब फुटायला वेळ द्यावा लागतो. खोडावर नखाने साल थोडी खरवडून पाहिली आणि आतून हिरवं निघालं, तर झाड जिवंत आहे. उभी वाळकी खोडंही लाटा मोडतात, गाळ धरतात, आणि ती ओढून काढताना खालची लहान रोपं तुडवली जातात. सुटे ओंडके रोपांवर आपटत असतील तर तेवढे बाजूला करावेत.

मग ओहोटीच्या वेळी आत जाऊन पाणी कुठे साचून राहिलंय ते पाहावं. सगळीकडून पाणी उतरल्यावरही एखाद्या सखल भागात दोन-तीन आठवडे पाणी तसंच असेल, तर तिथलं रान धोक्यात आहे. बहुधा एखादी बुजलेली वहाळ, गाळाने तोंड बंद झालेला नाला किंवा रस्त्याखालचा तुंबलेला पाइप सापडतो. तो मोकळा करायला कुदळ-फावडी आणि काही माणसं पुरतात, आणि या एका कामाने जितकी झाडं वाचतात तितकी रोपं लावून वर्षानुवर्षं मिळत नाहीत. रोपांचा विचार निदान एक हंगाम पुढे ढकलावा. तोवर आजूबाजूच्या जिवंत झाडांच्या बिया वाहत येऊन रुजल्या तर लावायची गरजच पडत नाही. नाही रुजल्या, तर का नाही हे आधी शोधावं, आणि शोध चिखलात काठी रोवून, भरतीचं पाणी तिच्यावर कुठवर आणि किती तास टिकतं ते मोजण्यापासून सुरू करावा.